मधल्या गावाअलीकडचं वळण

वळण आलं तसे रत्नमालाचे हात डावीकडे गेले आणि गाडी सोयाबीनमध्ये शिरली. स्टीअरिंगनं मनगटांना असा हिसका दिला की तिनं दोन्ही हात सोडून दिले. समोरच्या तिन्ही पडद्यांवर हिरवी पानं उडाली, आभाळ एकदा तिरपं झालं आणि गाडी बांधाला टेकून थांबली. मागे उभी असलेली रूपाली म्हणाली, "अगं, कुठे निघाली होतीस?" आजूबाजूच्या टेबलांवरून दोघं-तिघं हसले. रत्नमालाही हसली. खुर्चीचा पट्टा सोडवता सोडवता तिनं पडद्याकडे पाहिलं. रस्ता तिच्या उजव्या हाताला होता, आणि जिथवर दिसत होता तिथवर सरळ गेला होता. वळण आलंच नव्हतं.

बाणेरच्या त्या इमारतीत बसून ही माणसं गाड्यांच्या शर्यतीचे खेळ तयार करत. गाडी खेळण्यातल्यासारखी भिंतीवर आपटून परत उसळावी, असले खेळ नव्हेत ते. टायर तापला की त्याची पकड बदलावी, ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर यावं, मागची चाकं हलकी पडावीत आणि ते सगळं खेळणाऱ्याच्या तळहातांना कळावं, अशी इथली शर्त होती. स्टीअरिंगच्या आत मोटर बसवलेली असे; रस्ता चाकांना जे सांगेल ते ती हातांना सांगे. ते सांगणं रत्नमालाचं काम. रस्ते रूपाली करी. नव्या खेळात भारतातले रस्ते घ्यायचे ठरलं तेव्हा एक घाट निवडला गेला, एक वाळवंटातला रस्ता निवडला गेला, आणि एखादा अगदी साधा रस्ता हवा म्हणून चर्चा अडली. तेव्हा रत्नमालानं मंगरूळपीरहून आसेगावकडे जाणारा रस्ता सुचवला. काळी माती आहे, ती म्हणाली. कोरडी असते तेव्हा तिची पकड वेगळी, ओली झाली की वेगळी. मध्ये नाले आहेत, छोटे चढउतार आहेत. हे सगळं खरं होतं. या रस्त्यावर आपल्या वडिलांची जीप चालायची, हे मात्र ती बोलली नाही. मग गेल्या हिवाळ्यात कुणीतरी डोक्यावर लेझर बसवलेली गाडी घेऊन तिकडे गेलं, अख्खा रस्ता ठिपक्याठिपक्यांनी उचलून आणला, आणि आज तो पहिल्यांदा चालवण्याजोगा झाला होता.

"इथे वळण होतं," रत्नमाला म्हणाली.

रूपालीनं आपल्या पडद्यावर ठिपके काढले. करड्या धुक्यात रस्ता उमटला. बाभळीचे झुबके, विजेचे खांब, पुलाचा कठडा, आणि मधून पट्टी ठेवून आखल्यासारखा सडकेचा पट्टा. "बघ की. पार गावापर्यंत सरळ आहे." मग रत्नमालाचा चेहरा पाहून तिनं उपग्रहाची जुनी चित्रंही शोधून काढली. रस्ता पूर्वी अरुंद होता, दोन्ही अंगांनी वाढला, पण जागचा हलला नव्हता. "लहानपणीचं आहे ना? मग होतं असं. मला तर आमच्या शाळेचा जिना आभाळाला टेकलेला आठवतो." रूपाली हे सहज म्हणाली आणि कामाला लागली. रत्नमाला आपल्या जागेवर येऊन बसली. तिच्या मनगटात अजून तो हिसका होता. तिनं स्वतःच लिहिलेल्या गणितातून निघालेला, नेमका, खोट नसलेला हिसका. रस्त्याच्या कडेवरून चाक उतरलं की जसा बसायला हवा तसाच.

जिना लांब आठवावा, वाडगं मोठं आठवावं, हे समजण्यासारखं होतं. लहान अंगाला सगळंच मोठं. पण नसलेलं वळण कसं आठवेल? आणि तेही असं अंगानं आठवेल? तिला ते डोळ्यांनी फारसं आठवतच नव्हतं. आठवायचं ते पोटात. जीपमध्ये पुढच्या बाकावर बाबा, मग गियरचा दांडा, मग ती, मग मायच्या मांडीवर धाकटा भाऊ प्रसेनजित. मागे आठवडी बाजाराची माणसं, पिशव्या, कोंबडीचा डालगा, विडीचा वास. डांबरावर चाकांचा एकसुरी घूं आवाज चाललेला. मग बाबा समोर बघतच म्हणत, "धरा बापा, झोका आला." म्हटल्याबरोबर ती पुढच्या दांडीला धरी. घूं आवाज एकदम तुटे. जीपचा डावा खांदा खाली जाई, नाक खाली जाई, आणि एक क्षण असा येई की पोट वरच राहून गेलंय आणि बाकीची आपण खाली आलोय. प्रसेनजित खिंकाळल्यासारखा हसे. मागची माणसंही हसत, एखादी म्हातारी "अगो माय" म्हणे. मग खाली मऊ धूळ, स्प्रिंगच्या पाट्यांची कुरकुर, दोन्ही बाजूंनी बाभळी घासत जायच्या. नाल्यात पाणी असलं तर चाकांखालून त्याचे पंख फुटत. आणि मग एक आडवीतिडवी चढण, इंजिनाचा कण्हण्याचा आवाज, आणि पुन्हा डांबर. डांबरावर आल्यावर उगाच वाईट वाटे. ती म्हणे, बाबा, अजून. बाबा म्हणत, येताना.

येताना झोका उलटा लागे. आधी चढण उतरण व्हायची आणि उतरण चढण. तो तितकासा चांगला नसे. हाही फरक तिला तेव्हा कळत होता आणि का, याचा ती विचार करी. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, गाड्यांच्याच गणिताकडे कशी वळलीस. तिनं कॉलेजातल्या एका प्रकल्पाबद्दल सांगितलं होतं. ते उत्तर तयार होतं म्हणून दिलं. खरं उत्तर त्या पोट वर राहून जाण्यात होतं. वजन कुठून कुठे जातं, स्प्रिंग किती दबते, दबल्यावर किती वेळानं सैल होते, यांची समीकरणं पहिल्यांदा फळ्यावर पाहिली तेव्हा तिला ती नवी वाटलीच नव्हती. कुणी तरी आपल्याच बाकावर बसून आपल्याशी बोलतंय असं वाटलं होतं. पुढे जी जी गाडी तिच्या हाताखालून गेली तिच्यात ती नकळत तो झोका शोधत आली. एखाद्या गाडीत तो जरासा सापडे आणि ती सगळं सोडून तेवढा भाग पुन्हा पुन्हा चालवत बसे. आणि आता लेझरनं आणलेला अख्खा रस्ता सांगत होता की तिथे काही नव्हतं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. बाबांनी उचलला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस-पाण्याचं झालं. मग तिनं विचारलं, "बाबा, आसेगावच्या रोडवर मधल्या गावाच्या अलीकडं ते झोक्याचं वळन होतं ना, ते आता दिसून नाही राह्यलं."

मग बाबा म्हणाले, "असंल. तिकडं बम वळनं हायेत, एक काय. हे घे, तुयी माय बोलते."

माय म्हणाली, "जेवली काय तू?"

"जेवली. माय, ते वळन—"

"रोडचं काय घेऊन बसली. ये एकदा घरी. तुरीच्या शेंगा आल्या."

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. मधलं गाव, ती सहज म्हणून गेली होती. त्या गावाला नाव होतं. खेळातल्या पाटीवर रूपालीनं ते लिहिलंही होतं, आणि ते वाचताना रत्नमालाला परक्या मुलखातलं वाटलं होतं. त्यांच्या घरात ते नाव कुणी घेत नसे. आसेगाव आसेगाव होतं, मंगरूळ मंगरूळ होतं, आणि त्या दोहोंमधलं ते मधलं गाव. इतकी वर्षं यात काही वेगळं आहे असं तिला वाटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिला आता उमगली. ते गाव तिनं आतून कधी पाहिलंच नव्हतं. त्याची कौलं तिला आठवत होती, लांबून, बाभळींच्या वरून. देवळाचा शेंडा आठवत होता. रस्ता आठवत नव्हता.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले तेव्हा रूपालीनं आदल्या दिवशीच्या बोलण्याचा धागा धरून विचारलं, "तुमचं मूळ गाव ते आसेगावच का? वानखडे म्हणजे तिकडचे कोण?" विचारण्यात काही वाईट नव्हतं. असं पूर्वीही कुणी कुणी विचारलं होतं आणि वाक्य 'कोण' वर लोंबकळत ठेवलं होतं. रत्नमालाही पूर्वीसारखंच म्हणाली, "वानखडे भरपूर आहेत आमच्याकडे. अकोल्याकडे तर दर चार घरांमागे एक." आणि ठेच्याची डबी पुढे केली. चौदा एप्रिलला ती रजा घेई तेव्हा अर्जात घरगुती काम लिही. टेबलावर आईवडिलांचा फोटो होता. त्यात मागच्या भिंतीवरची तसबीर दिसत होती, तो भाग तिनं चौकटीत बसवताना दुमडला होता. यातलं कशाचं तिला ओझं वाटत नसे. वाटतं असं तिनं कधी धरलं नव्हतं. रस्त्यात खड्डा असला की हात आपसूक वळतो, एवढंच. ठेचा तिखट होता. रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि विषय निघून गेला. रत्नमालानं तिथेच, डबा पुढ्यात असताना, फोनवर वाशीमच्या गाडीचं तिकीट काढलं.

मंगरूळला ती पोचली तेव्हा सकाळची उन्हं पार अंगणात आली होती. माणिकराव, तिचे बाबा, कढीपत्त्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. जीप तर त्याआधीच भंगारात गेली होती. प्रसेनजितची नोकरी नागपूरला होती, तो आपली जुनी चारचाकी इथे ठेवून गेला होता आणि बाबा ती रोज फडक्यानं पुसत. चालवत मात्र नसत. रत्नमालानं चहा झाल्यावर लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. आपलाच रोड आहे बाबा, पाहा. बाबांनी चश्मा चढवला. पडद्यावर मंगरूळ मागे पडलं, सोयाबीनची शेतं सुरू झाली, पूल आला. ते गंभीरपणे, लग्नाची चित्रफीत पाहावी तसे पाहत होते.

"माणसं काहून नाहीत रोडवर?" त्यांनी विचारलं.

"खेळात माणसं ठेवत नाहीत बाबा. धडक बसते."

"हं. बरं हाय."

त्या जागी आल्यावर तिनं गाडी थांबवली. रस्ता सरळ पुढे गेला होता आणि टोकाला गाव दिसत होतं. "अठी होतं ना वळन?" बाबांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चश्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "नंबर वाढला वाटते माह्या," ते म्हणाले, आणि उठून झाडाला पाणी घालायला लागले. झाडाला सकाळीच पाणी घातलेलं होतं. आळं भरून ते अंगणात वाहायला लागलं तरी ते बादली धरून उभे होते.

भागिरथाबाई, तिची माय, स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. रत्नमाला जाऊन तिच्यासमोर बसली आणि तिनंही मूठभर शेंगा घेतल्या. दाणे परातीत टणटण पडत होते. मग मायनं बाहेर एकदा नजर टाकली आणि आवाज न बदलता सांगायला लागली, जसं कुणाच्या बाळंतपणाचं सांगावं.

"तठी वळन नव्हतंच वं पोरी. सडक सरळच हाय. जीप आमी नवी घेतली होती. म्हंजे जुनीच, पन आमाले नवी. काचेवर तुया बाबानं निळ्या रंगात 'जय भीम' लिवून घेतलं. नामांतराचे दिवस होते, सबन गावं तापेल. मधल्या गावात पारापाशी आडवे झाले पाचसहा जन. म्हने, हे पुसून टाक, नाही तं पारासमोरून गाडीत बसून मिरवत जायाचं नाही. उतर अन् ढकलत ने. इंजन बंद कर."

रत्नमालाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मंग?"

"मंग काय. उतरले. पाशिंजर होते गाडीत, तू माह्या मांडीवर झोपेल. मले म्हने, भागिरथा, स्टेरिंग सरळ धर. मले कुठी येत होतं. मी सरकून तठी बसली अन् धरलं. पाशिंजर बसूनच राह्यले, खाली पाहून. तांड्यावरचा सेवालाल होता, तो तेवढा उतरला अन् त्यानं मांगून हात लावला. दोघं ढकलून राह्यले, अन् मी समोर पाहून राह्यली. मांगं पाह्यलंच नाही. स्टेरिंग असं जड लागे बाई, जसं कोनी खालून धरून ठेवलं."

गाडी चालण्याच्या वेगानं सरकत असली की चाकं जमिनीशी घासत वळतात, आणि स्टीअरिंग दगडासारखं होतं. रत्नमालाला ते ठाऊक होतं. तिनं ते लिहिलं होतं, आकड्यांत. कितीदा तरी हात त्या जडपणावर ठेवून ते बरोबर आहे की नाही हे तपासलं होतं. माय नाल्याकाठच्या शेतात आयुष्य घालवलेली, रोजगाराला गेलेली बाई. तिचे हात आत्ता परातीत होते आणि एका शेंगेचा देठ मोडत होते.

"अन् दुसऱ्या दिवशी?" तिनं विचारलं.

"मले वाटलं, आता काही हे गाडी काढत नाहीत. पन काढली. पुसलं बी नाही. पुसलं असतं तं सरळ जाता येत होतं ना. ते म्हने एक तं पूस, नाही तं ढकल. यायनं तिसरंच केलं. गावाच्या अलीकडं नाल्यात गुरांची वाट उतरे, तठून जीप घातली अन् गावाले वळसा मारून पुढं सडकेले लावली. पावसायात फसे, तवा आमी उतरून दगडं टाकू. पन तठूनच. जीप मोडीत जाईलोक." माय थांबली. तिच्या ओठांशी काहीतरी हललं, ते हसू होतं. "पयल्या दिवशी तू उठली धक्क्यानं. म्हने, बाबा, गाडी खाली काहून पडली? मी तं रडाच्या बेतात. अन् हे म्हनाले, पडली नाही बेटा, झोका हाय तो. तवापासून झोका झाला."

बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. रत्नमालानं हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, दुसरी घेतली. आपल्याला राग यायला हवा, तिला वाटलं, आणि तो होताही, खाली कुठेतरी, गाळासारखा. पण त्याच्यावर सगळा तो धुळीचा वास, प्रसेनजितचं खिंकाळणं, पाण्याचे फुटलेले पंख, आणि हे सगळं तसंच राहिलं होतं. ते खोटं ठरत नव्हतं. बाबा समोर बघत म्हणत, धरा बापा. इतकी वर्षं ती त्या वाक्यातला आनंद ऐकत आली होती. आता तिला त्यांची मान दिसली, ताठ, कॉलरमध्ये घाम असलेली, गावाकडे न वळणारी. आणि एक हात स्टीअरिंगवरून सुटून क्षणभर तिच्या गुडघ्यावर आलेला. तो हात तिला आजवर आठवला नव्हता. की आत्ता तिनं तो तिथे ठेवला? कोणतं लेझर फिरवून हे कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, चला, आसेगावला जाऊन येऊ. बाबा सदरा बदलून आले. प्रसेनजितची गाडी तिनं चालवली, बाबा शेजारी, माय मागे. रस्ता आता सिमेंटचा झाला होता, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. गाडी इतकी गुळगुळीत जात होती की हातांना काही सांगण्यासारखं तिच्यापाशी नव्हतं. शेतांतली तूर माणसाच्या खांद्याला लागली होती. पूल गेला तसा तिनं वेग कमी केला. डाव्या हाताला नाला होता, त्याच्या काठाला बाभळी होत्या, पण वाट कुठेच नव्हती. कुणीतरी ती नांगरून शेतात घेतली होती. तुरीचे तास अगदी सडकेच्या कडेपर्यंत आले होते. तिचे हात थोडेसे डावीकडे गेलेच. बाबांनी ते पाहिलं.

"सरळ घे," ते म्हणाले.

तिनं सरळ घेतली. गाव इतकं लहान निघालं की तिला थांबून मोजावंसं वाटलं. शाळा, मोबाईलचं एक दुकान, खताचं दुकान, कौलांच्या जागी पत्रे, आणि वडाखाली सिमेंटचा पार. पाराला लागून चहाची टपरी. पोरं मोटरसायकलींवर बसून फोन बघत होती. कुणी मान वर केली नाही. गाडी पारासमोर आली तेव्हा बाबा म्हणाले, "थांबव अठी. चहा घेऊ."

मागे माय काही बोलेल असं तिला वाटलं. पण माय आधीच दार उघडून उतरली होती. तिचे गुडघे दुखत; ती हळूहळू चालत गेली, पाराच्या कडेवर हात टेकला आणि तिथे बसली. पदर नीट केला आणि रस्त्याकडे पाहत राहिली. टपरीवाल्यानं तिला सगळ्यांत आधी चहा नेऊन दिला. पारावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा काठी घेऊन बसला होता. त्यानं सरकून जागा केली.

"कुठले पाव्हने?" त्यानं विचारलं.

"आसेगावचा," बाबा म्हणाले. "आता मंगरुळात राह्यतो. मानिकराव. जीप होती माही, याच रोडनं चाले. जय भीमवाली."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. रत्नमाला त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. वय जुळत होतं. त्या पाचसहा जणांत हा असेल, किंवा तेव्हा शेतात असेल, किंवा घरात बसून ऐकत असेल. चेहऱ्यावर सुरकुत्यांखेरीज काही लिहिलेलं नव्हतं.

"या रोडच्या सबन जीपा मले ठाऊक होत्या," म्हातारा म्हणाला. "बसूनच राह्यतो ना मी अठी, जन्म गेला. तुमची तं कधी पाह्यली नाही."

"नाही दिसली असंल. मी खालून जात होतो. नाल्यातून."

"खालून? सडक सोडून खालून काहून?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"पोरांले मजा वाटे," ते म्हणाले.

काठीच्या टोकानं म्हाताऱ्यानं जमिनीवरची एक काडी इकडून तिकडे केली. मग तो टपरीवाल्याला म्हणाला, पाव्हन्यांचे पैसे घेऊ नको. बाबांनी पैसे दिले. टपरीवाल्यानं ते घेतले. सगळे उठले, आणि मायला उठायला रत्नमालानं हात दिला. मायचा तळवा चहाच्या पेल्यानं गरम झालेला होता.

आसेगावला ती फार थांबली नाहीत. परतताना गाव सरळ पार करून पूल मागे टाकल्यावर रत्नमालानं विचारलं, "बाबा, ते वळन खेळात टाकू काय?"

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. तसेच पाहत ते म्हणाले, "कोन खेळते तो खेळ?"

"सगळे. सगळ्या देशांतले."

"टाक मंग. पन पाटी नको लावू. ज्याले वळाचं तो वळंल."

मागून माय म्हणाली, "अन् दगडं टाकजो नाल्यात. नाही तं फसतीन लोक." आणि ती हसायला लागली, आणि बाबाही.

पुण्याला परत आल्यावर रत्नमालानं ती वाट बसवली. ठिपके नव्हते, मोजमाप नव्हतं. उतार किती, खोली किती, हे तिनं अंदाजानं धरलं आणि पोटानं तपासलं. जुन्या जीपसारखी एक गाडी घेतली, तिचे पाटे कडक केले, सैल केले. वाट उतरली की प्रत्येक वेळी गाडी धाडकन आपटे आणि स्टीअरिंग हातांना ठोकर देई. सगळं गणित बरोबर होतं आणि झोका लागत नव्हता. ती दिवसभर तेवढाच तुकडा चालवत बसली. मग संध्याकाळच्या सुमारास, दमल्यामुळे म्हणा, कडेवर येता येता तिचा पाय ब्रेकवर हलकेच टेकला आणि लगेच उठला. नाक दबलं आणि सैल होता होता कड आली, आणि गाडी न आपटता, कुणी उचलून ठेवावी तशी खाली उतरली. तिचं पोट वर राहून गेलं. झोका त्या वाटेत नव्हता आणि जीपमध्येही नव्हता. रोज, प्रत्येक फेरीला, गावाकडे मान न वळवता, एक पाय तो देत होता.

रूपालीनं ती वाट पाहिली ती मंगळवारी. तपासणीसाठी चालवायला बसली, सरळ गेली, परत आली, मग मुद्दाम डावीकडे वळली. दोनदा आपटली. तिसऱ्यांदा कसं कोण जाणे, जमलं, आणि तिच्या तोंडून एक छोटं हसू बाहेर पडलं, तिलाही न विचारता. तिनं पुन्हा केलं. मग पट्टा सोडून ती वळली.

"भारी आहे गं हे. पण एक सांग. इतका चांगला सरळ रस्ता असताना इथे कुणी कशाला वळेल? लोक हेच विचारतील. खरं वाटायला हवं ना."

वानखडे भरपूर आहेत, तसं काहीतरी सोयीचं रत्नमालाच्या जिभेवर आलं. पूर्वी तिथे वाट होती. गुरांची होती. शर्यतीत जवळची वाट पडते. ही सगळी उत्तरं खरी दिसण्याजोगी होती. आजूबाजूच्या टेबलांवर माणसं कामात होती. कुणी कुणी ऐकूही शकलं असतं. तिनं एक खुर्ची ओढली आणि रूपालीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"माझे बाबा वळायचे," ती म्हणाली. "सांगते. थोडं लांब आहे."